लंडन: हातातला मोबाईल, बकाल झालेले रस्ते आणि पाहुण्यांनी घ्यायची काळजी

फिरस्ता_७

उन्हाळा जवळ आला की लंडनला निघालेल्यांचे प्रश्न सुरू होतात आणि 'लंडन सुरक्षित आहे का हो?' यावर प्रत्येक धाग्यात तीच जुंपते. एक जण म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो शहराची पार वाट लागली. दोन्हींचा जाणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. म्हणून हा वेगळा धागा.

चोरी नेमकी कशी होते, कुठे होते, निघण्यापूर्वी काय करून ठेवायचं आणि झालीच तर पहिल्या तासात काय करायचं, एवढंच लिहा. 'माझ्या मेव्हण्याच्या मित्राचं पाकीट' या प्रकारच्या कथा कृपया दुसरीकडे. मुख्यतः पहिल्यांदा जाणारे आणि मुलांकडे जाणारे ज्येष्ठ नागरिक डोळ्यांसमोर ठेवा.

गल्लीबोळ

सुरुवात मोबाईलपासूनच करायला हवी, कारण पर्यटकाच्या वाट्याला येणारा गुन्हा बहुतेक वेळा हाच असतो.

पद्धत अशी. चोर इलेक्ट्रिक सायकलवर किंवा मोटरवर चालणाऱ्या हलक्या दुचाकीवर असतो. काळे कपडे, डोक्यावर टोपी, तोंड झाकलेलं. तो रस्त्यावरूनच येईल असं नाही, सरळ फुटपाथवर चढतो आणि बहुधा पाठीमागून येतो. इलेक्ट्रिक सायकलचा आवाज जवळजवळ नसतोच. सावज ठरलेलं असतं: फुटपाथच्या कडेला उभा, एका हातात मोबाईल छातीच्या उंचीवर, नजर नकाशात, कानात इअरफोन. हिसका मारून तो पुढच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत आपल्याला काय झालं हेही कळत नाही. पुढे फोन अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतात, म्हणजे सिग्नल तुटतो आणि फोन कुठे आहे ते नकाशावर दिसत नाही.

आता जागा. लंडन ज्या 'बरो' म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या विभागांत वाटलेलं आहे, त्यांतला वेस्टमिन्स्टर बरो यात सर्वांत पुढे. त्यातही ऑक्सफर्ड स्ट्रीट, रीजंट स्ट्रीट, सोहो, लेस्टर स्क्वेअर, कोव्हेंट गार्डन. शिवाय भुयारी रेल्वेच्या स्टेशनबाहेरचा पहिला कोपरा. जिन्यावरून वर आलेला प्रत्येक माणूस तिथेच थांबून फोन काढतो, हे चोरालाही ठाऊक असतं.

उपाय सोपा आहे, फक्त सवय लागावी लागते. रस्ता पाहायचा तर स्टेशनच्या आत, तिकीट-फाटकाच्या अलीकडेच पाहून घ्या. बाहेर लागलाच तर दुकानात शिरा किंवा भिंतीला पाठ लावा, तोंड रस्त्याकडे, फोन दोन्ही हातांत. चालता चालता नकाशा बघायचा नाही. २०२५ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानाने फुटपाथवर कडेपासून काही अंतरावर जांभळी रेघ मारून घेतली होती, की मोबाईल वापरायचा तर या रेघेच्या आत राहा. जाहिरातबाजी सोडली तर सल्ला अगदी बरोबर आहे.

सुईदोरा

+१. मनगटात अडकवायची दोरी चालते का? की हात निखळायचा?

गल्लीबोळ

सुईदोरा, चालते, पण खांद्यावरून तिरकी घालायची लांब दोरी मनगटाच्या दोरीपेक्षा बरी. हिसका बसला तर तो अंगावर विभागला जातो. दोरी दिसली की चोर बहुधा दुसरं सावज शोधतो, तोच तिचा खरा फायदा. धरलाच त्याने, तर सोडून द्यायचा. चालत्या दुचाकीबरोबर फरफटण्याइतका कुठलाच फोन महाग नाही.

टेम्सकाठ

एवढे फोन जातात कुठे हे कळलं की बाकीचे सल्ले आपोआप पटतात.

मेट (मेट्रोपॉलिटन), म्हणजे लंडनच्या मुख्य पोलिसांकडे २०२४ या एका वर्षात लंडनमधून सुमारे ८० हजार फोन चोरीला गेल्याची नोंद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये हीथ्रो विमानतळाजवळच्या गोदामात हाँगकाँगला निघालेली एक पेटी सापडली, आत सुमारे हजार आयफोन. त्यातला एक फोन त्याच्या मालकाने नकाशावर शोधत आणला होता, त्यामुळे पेटी उघडली गेली. त्या धाग्यावरून 'ऑपरेशन एकोस्टीप' ही पोलिसांची मोहीम उभी राहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी जाहीर केलं, की या एका टोळीने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनला पाठवल्याचा संशय आहे.

चीनच का? ब्रिटनमध्ये चोरीच्या फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख-क्रमांक, काळ्या यादीत गेला की तो तिथल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. चीनमधल्या कंपन्या ही यादी जुमानत नाहीत, त्यामुळे तिथे तो चालतो. ॲपलचं कुलूप तुटलं नाही तर शेनझेनच्या बाजारात सुटे भाग होतात: पडदा, कॅमेरा, बॅटरी. म्हणजे बंद फोनलाही भाव आहे. आणि हातातून उघडा हिसकावलेला फोन? त्याला सर्वांत जास्त, कारण त्यात तुमची बँक असते. म्हणूनच वापरात असलेला फोन हिसकावतात, बॅगेत पडलेला नाही.

ठाम_मत

कसली पेटी नि कसलं ऑपरेशन. लंडन संपलं. जिथे पोलीस चोरीची तक्रार घ्यायला येत नाहीत, दुकानं रोज लुटली जातात, त्या शहरात पैसे खर्चून जायचंच कशाला? बाहेरून आलेल्यांनी वाट लावली, दुसरं काही नाही.

टेम्सकाठ

ठाम_मत, 'बाहेरून आलेले' या सदरात आपण सगळेच येतो, तेव्हा तो भाग राहू द्या.

बाकीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते वेगळं काढून बघायला हवं. खुनांचा आकडा घ्या. नव्वद लाख वस्तीच्या लंडनमध्ये हल्ली वर्षाला शंभरच्या आसपास खून होतात. या शतकाच्या सुरुवातीला तो दोनशेपर्यंत जात असे. जिवाच्या दृष्टीने शहर तेव्हापेक्षा सुरक्षित आहे. वाढलं ते भुरटं: मोबाईल हिसकावणं आणि दुकानातून माल उचलणं. गंमत म्हणजे डोळ्यांना हेच दिसतं, त्यामुळे शहर 'गेल्यासारखं' वाटतं.

कारणं सांगायची तर:

इंग्लंड-वेल्समधली पोलिसांची संख्या २०१० नंतरच्या काटकसरीत सुमारे २० हजारांनी घटली. २०१९ पासून भरती करून ती भरून काढली, पण अनुभवी माणसं गेली ती गेलीच. लंडनमध्ये पोलीस ठाण्यांचे जनतेसाठीचे काउंटर आधी कमी केले, मग २०१७ मध्ये बरोमागे एकच चोवीस तास उघडा ठेवायचं ठरलं आणि २०२५ मध्ये आणखी कपात जाहीर झाली.

दुकानांतल्या चोरीबाबत २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांच्या आतली चोरी किरकोळ गुन्ह्यांच्या रांगेत बसवली. गुन्हा तो गुन्हाच राहिला, पण पोलिसांच्या यादीत खाली सरकला. दुकानदारांचा राग त्यावरच आहे.

ऑक्सफर्ड स्ट्रीटचं रूप बिघडलं त्याला वेगळंच कारण. टॉपशॉप, डेबेनहॅम्स, हाउस ऑफ फ्रेझर अशी मोठी दुकानं २०२० ते २०२२ या काळात तिथून गेली. तिथला नियम असा, की जागा रिकामी राहिली तर पहिले तीन महिने सोडून व्यवसाय-कर मालकाच्या डोक्यावर. तो टाळायला मालकांनी मिळेल तो भाडेकरू घेतला. आले ते भडक दिव्यांचे अमेरिकन गोळ्या-चॉकलेटवाले आणि नावापुरत्या कंपन्या. कर थकवायचा आणि कंपनी बंद करून मोकळं व्हायचं. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने त्यांच्यावर छापे घालून बनावट माल जप्त केला. आता परिस्थिती सुधारते आहे, २०२५ मध्ये तिथे आयकिया आलं. त्या गोळ्यांच्या दुकानांतून मात्र काही घेऊ नका. किमती लावलेल्या नसतात, पिशवी भरल्यावर आकडा कळतो.

ठाम_मत

आकडे ठीक. पण चोर पकडले जात नाहीत हे खरं की नाही?

टेम्सकाठ

खरं. अंगावरून झालेल्या चोरीत आरोप दाखल होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. त्यामुळे फोन परत मिळेल या आशेवर काहीही आखू नका. म्हणून किल्ली यांनी निघण्यापूर्वीच्या तयारीवर लिहावं ही विनंती. त्यांचा विषय आहे.

किल्ली

लिहिते. पोस्ट लांबेल, पण ही सगळी कामं घरी असतानाच करायची, लंडनला पोचल्यावर होत नाहीत.

आधी आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींना लागू असलेलं. \*#०६# दाबा, आयएमईआय दिसेल. दोन सिमांच्या फोनला दोन असतात, दोन्ही कागदावर लिहा. घरी एक प्रत, सामानात एक. फोनमध्ये लिहून ठेवलेला आयएमईआय फोनबरोबरच जातो, हे सांगायची गरज पडते म्हणून सांगते.

सिमला पिन लावा. याकडे सगळेच काणाडोळा करतात. फोनला कितीही कुलपं असली तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. सिम-पिन असेल तर नव्या फोनमध्ये सिम पिन मागतं. लावताना आधी कंपनीने दिलेला मूळ पिन द्यावा लागतो. तो कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि मग पीयूके क्रमांक लागतो. ई-सिम असेल तर ते काढून दुसरीकडे घालता येत नाही, तेही चांगलं.

कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू देऊ नका. ओटीपी वाचायला फोन उघडावाच लागत नाही, अशी सोय आपणच करून ठेवलेली असते.

आयफोन: सेटिंग्जमध्ये फेस आयडी आणि पासकोडच्या पानावर 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे. जानेवारी २०२४ च्या १७.३ आवृत्तीपासून आलं. ते चालू करा आणि खालचा पर्याय 'ऑलवेज' ठेवा. नुसतं 'ओळखीच्या जागांपासून दूर' असं ठेवलं तर रोज मुक्काम केलेली जागाही फोन ओळखीची धरू शकतो. हे चालू असताना चोराने पासकोड पाहिलेला असला तरी खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा लागतो, तासभर थांबावं लागतं आणि पुन्हा चेहरा लागतो. तो तास तुमचा. त्याच पानावर खाली, फोन कुलूपबंद असताना कंट्रोल सेंटर उघडू देऊ नका. नाहीतर चोर एका बोटात विमान-मोड लावतो.

अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये गूगलच्या भागात 'थेफ्ट प्रोटेक्शन' शोधा. त्यात तीन गोष्टी: हिसका ओळखून आपोआप कुलूप लावणारं, इंटरनेट तुटल्यावर कुलूप लावणारं, आणि दुसऱ्या फोनवरून केवळ आपला क्रमांक टाकून कुलूप लावायची सोय. तिन्ही चालू करा. हिसका ओळखणारं दर वेळी ओळखेलच असं नाही, म्हणून उरलेली दोन हवीतच.

बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपचा पिन फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा हवा. आपल्याकडे निम्म्या लोकांचा तोच असतो, जन्मवर्ष.

फिरस्ता_७

मोलाची माहिती. दोन शंका. फोन गेल्यावर गूगलच्या खात्यात दुसऱ्याच्या फोनवरून शिरायचं तर ते कोड गेलेल्या फोनवरच पाठवणार ना? आणि भारतातलं सिमच गेलं तर बँकेचा ओटीपी कुठून आणायचा?

किल्ली

पहिल्या शंकेचं उत्तर: गूगलच्या सुरक्षेच्या पानावर 'बॅकअप कोड' मिळतात, आठ आकडी, दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. छापून पाकिटात ठेवा, वर खात्याचं नाव लिहू नका. ॲपलचं सोपं आहे. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर फोन शोधायच्या भागात नुसत्या पासवर्डवर जाता येतं, कोड मागत नाहीत. पण पासवर्ड पाठ हवा! तो बहुतेकांना आठवतच नाही.

दुसरं: भारतातलं सिम जुन्या, साध्या फोनमध्ये घालून तो मुक्कामाच्या जागी ठेवा. हिंडायच्या फोनमध्ये तिथलं सिम किंवा प्रवासाचं ई-सिम. ओटीपी लागेल असे मोठे व्यवहार खोलीवर बसून. रस्त्यावर एक कार्ड आणि थोडी रोकड पुरते. मुक्काम लांबचा असेल तर दुसरं कार्ड दुसऱ्या बॅगेत, आणि नवरा-बायकोने एकाच खात्याची दोन्ही कार्डं घेऊन फिरू नये. एक हरवल्यावर खातं गोठवलं की दुसरंही बंद पडू शकतं.

रात्रपाळी

चोरी झाल्यानंतरचं मी लिहितो. यात क्रम महत्त्वाचा, आणि तोच चुकतो.

पहिलं काम फोनला कुलूप. लगेच, उभ्या जागी, सोबतच्याच्या फोनवरून. घाईघाईने आधी सिम बंद करतात. पण दुरून कुलूप लावायचं तर चोरीच्या फोनला इंटरनेट लागतं, आणि ते तुमच्याच सिमवर चालू असतं. सिम तोडलंत तर तुमचा हुकूम पोचायचा नाही. आधी 'हरवला' अशी खूण, मग सिम. फोन पुसून टाकायची आज्ञा इतक्यात देऊ नका. अँड्रॉइड पुसला की नकाशावरून नाहीसा होतो.

दुसरं, सिम बंद. तिसरं, बँक: कार्ड आणि यूपीआय दोन्ही. भारतातल्या बँकांचे १८०० ने सुरू होणारे क्रमांक परदेशातून लागतीलच असं नाही, +९१ वाला पूर्ण क्रमांक कागदावर हवा.

चौथं, पोलीस. चोर समोर असेल, मारहाण किंवा धमकी झाली असेल तर ९९९. आपल्या सवयीचा ११२ ही तिथे चालतो. होऊन गेलेल्या चोरीसाठी १०१ किंवा मेटच्या संकेतस्थळावरचा अर्ज. भुयारी रेल्वेत, रेल्वेत किंवा स्टेशनात झालं असेल तर ते मेटकडे नसून ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांकडे जातं, त्यांना ६१०१६ वर संदेश पाठवायचा. फोनच गेलाय तर ०८०० ४० ५० ४०. शहराच्या पोटात 'सिटी ऑफ लंडन' नावाचा चौरस मैलाचा तुकडा आहे, सेंट पॉल्स आणि बँक ऑफ इंग्लंडचा भाग, त्याचे पोलीस तिसरेच. चुकीच्या ठिकाणी कळवलं तर हाकलून देत नाहीत, पुढे पाठवतात, पण वेळ जातो. स्टेशनातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, म्हणून गाडी, डबा, दार, वेळ आठवेल तितकं त्याच दिवशी लिहून द्या.

आपल्यासारखी एफआयआरची शिक्क्याची प्रत तिथे मिळत नाही. 'क्राइम रेफरन्स नंबर' मिळतो. विमा कंपनी तोच मागते. बऱ्याच पॉलिसींत २४ तासांत कळवायची अट असते. वर्णन लिहिताना नेमकं लिहा. हातातून नुसता हिसकावला तर ती 'अंगावरून चोरी', बळ वापरलं किंवा धमकावलं तर ती लूट. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमध्ये चोरीला कमाल ७ वर्षं, लुटीला जन्मठेपेपर्यंत. ढकललं असेल, हात पिरगळला असेल तर ते लिहायचं राहू देऊ नका, तपासाला मिळणारं प्राधान्य त्यावर ठरतं.

नकाशावर फोन एखाद्या घरात दिसला तरी तिथे जायचं नाही. ठिकाणाचं छायाचित्र घ्या, वेळेसह पोलिसांना द्या.

किल्ली

रात्रपाळींच्या यादीला एक पुरवणी, आयफोनवाल्यांसाठी. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी संदेश येतो: 'तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा.' पान हुबेहूब ॲपलचं. जमलं नाही तर मग गोड बोलणं, 'खात्यातून फोन काढून टाका, नाहीतर तुमची माहिती विकली जाईल.' शेवटी धमक्या. यातलं काहीही करायचं नाही. तुमच्या खात्यात तो फोन आहे तोवर त्याचे फक्त सुटे भाग होतात. तुम्ही स्वतः काढून टाकलात की तोच फोन पूर्ण भावाने विकला जातो. एवढ्यासाठीच ते मागे लागतात.

सुईदोरा

मोबाईलवर खूप झालं, आता पिशव्यांकडे वळू.

भुयारी रेल्वेत पाकीटमार दाराशी काम करतो. दार बंद व्हायच्या क्षणी हात मारून बाहेर उडी, दार लागतं आणि तुम्ही आत. म्हणून दारापासून आत सरका. सरकत्या जिन्यावर पाठीवरची सॅक पुढे घ्या, मागच्या पायरीवरच्याला चेन अगदी नाकासमोर येते. समोरचा जिन्याच्या टोकाला उगाच थबकला, वाकला, की मागची गर्दी आपल्यावर येते. तोच ठरवलेला क्षण असतो.

उपाहारगृहात पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवायची नाही. पुष्कळ जुन्या पबमध्ये टेबलाखाली हूक किंवा पट्टी असते, हाताने चाचपून पाहा. नसेल तर पट्टा मांडीखाली. मोबाईल टेबलावर ठेवून गप्पा मारणाऱ्यांसाठी वेगळी युक्ती आहे: कोणीतरी येतं, मोठा कागद किंवा नकाशा तुमच्या फोनवर पसरतं, मदत मागतं, तुम्ही नाही म्हणता, तो कागद उचलून जातो. फोन कागदाखालून गेलेला असतो.

बाजारांत कॅम्डन, बरो मार्केट आणि शनिवारचा पोर्टोबेलो रोड, तिथे गर्दीच इतकी की धक्का लागला तरी काही वाटत नाही.

आणि सोनं. हा विषय आपल्याच लोकांसाठी. दक्षिण आशियाई घरांत २२ कॅरेटचं असतं हे तिथल्या चोरांना पक्कं माहीत आहे. साउथॉल, वेम्बली, हॅरो या भागांत दिवाळी आणि लग्नसराईच्या दिवसांत पोलीस दरवर्षी इशारे देतात. लग्नाला निघालात तर दागिने हॉलवर घाला, येता-जाता ओढणीखाली किंवा कोटाच्या आत. मंगळसूत्र काढायचं नसेल तर लहान घालून जा. मुलांकडे राहणार असाल तर त्यांच्या घराच्या विम्यात एका वस्तूला किती मर्यादा आहे ते विचारा. बहुतेक वेळा ती बांगडीच्या एका जोडापेक्षाही कमी निघते.

चौकस

भामटेगिरी राहिली.

वेस्टमिन्स्टर पुलावर तीन वाट्या आणि गोटीचा खेळ. एक वाट्या फिरवणारा, तीन-चार जिंकणारे 'प्रेक्षक', दोन टोकांना दोन पहारेकरी. ते सगळे एकाच टोळीचे. जिंकणं शक्य नाही, कारण गोटी वाटीखाली नसतेच, बोटात असते. आणि नुसतं बघत उभे राहाल तरी मागून खिसा जातो. हा बेकायदा जुगार आहे. पण पोलीस दिसले की मांडणी उचलून पसार व्हायचं, एवढं सोपं.

दिव्यांची, गाणी लावलेली सायकल-रिक्षा: सोहो, कोव्हेंट गार्डन, ऑक्सफर्ड स्ट्रीट. चढताना एक आकडा, उतरताना माणशी, मिनिटाला. दहा मिनिटांच्या फेरीला शेकडो पौंड घेतल्याची प्रकरणं गाजली. १८६९ च्या घोडागाडीच्या जमान्यातल्या कायद्यातल्या फटीमुळे लंडनमध्ये त्यांना परवानाच लागत नव्हता. शेवटी २०२४ मध्ये खास कायदा करून 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या शहराच्या वाहतूक संस्थेला नियम करायचा अधिकार दिला. बसायचंच असेल तर एकूण भाडं, किती माणसांचं, आधी लिहून घ्या. माझं मत विचाराल तर बसू नका.

टॅक्सी: रस्त्यावर हात दाखवून फक्त काळी टॅक्सी थांबवता येते, वरचा केशरी दिवा लागलेला असेल तर. बाकी सगळ्या गाड्या आधी आरक्षण करूनच. क्लबबाहेर किंवा स्टेशनबाहेर 'मिनीकॅब, मिनीकॅब' म्हणत येणाऱ्याची गाडी परवान्याची असली तरी तो प्रवास बेकायदा आणि विमा नसलेला. ॲपवरून बोलावलीत तर नंबरप्लेट जुळवा आणि 'कोणासाठी आलात?' असं त्याला विचारा. आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही.

एटीएम शक्यतो बँकेच्या आतलं. पिन टाकताना कोणी खांद्यावर टकटक केली, खाली नोट पडलीय म्हणालं, तर मान वळवू नका. आधी कार्ड हातात.

दक्षिणोत्तर

राहायला कुठला भाग टाळावा असं कोणी विचारेलच, म्हणून. 'अमुक पिनकोड वाईट' अशा याद्या फिरतात, त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये श्रीमंत आणि गरीब गल्ली पाठीला पाठ लावून असते. पोलीस डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की महिन्यावार गुन्हे नकाशावर दिसतात. वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ठिपका नेमक्या घरावर नसतो, गोपनीयतेसाठी जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो. आणि वेस्ट एंड, म्हणजे सोहो-ऑक्सफर्ड स्ट्रीटचा मधला भाग, त्यात भयंकर दिसतो, कारण तिथे राहणारे थोडे आणि येणारे लाखो. खोलीसाठी बघताना एकूण आकडा सोडा, 'लूट' आणि 'घरफोडी' हे दोन प्रकार बघा.

त्यापेक्षा स्टेशन ते दार हा रस्ता बघा. पाच मिनिटांचा, दुकानं उघडी असलेला हवा. बागेतून, कालव्याकाठून किंवा वसाहतीच्या आतल्या बोळातून जाणारा जवळचा रस्ता ॲप रात्रीही सुचवतं, त्याला अंधार कळत नाही. भुयारी रेल्वे रात्रभर फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, तीही काही मार्गांवर. इतर रात्री बस. रात्रीच्या बसमध्ये खाली, चालकाच्या बाजूला बसा, वरचा मजला टाळा.

फिरस्ता_७

पासपोर्ट रोज बरोबर ठेवायचा की नाही? घरच्यांचं म्हणणं, परदेशात ओळखपत्र हवंच.

रात्रपाळी

रस्त्यावर ओळखपत्र बाळगायची सक्ती ब्रिटनमध्ये नाही. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, बरोबर पहिल्या पानाची आणि व्हिसाची प्रत. हरवलाच तर क्राइम रेफरन्स नंबर घेऊन ऑल्डविचच्या इंडिया हाउसकडे, म्हणजे उच्चायुक्तालयाकडे. जवळच परतायचं असेल तर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळतं. ते भारतात येण्यापुरतं, एकेरी. लंडननंतर पॅरिस किंवा स्वित्झर्लंड असेल तर त्यावर जाता येत नाही. नवा पासपोर्ट काढून शेंगेन व्हिसाही नव्याने घ्यावा लागतो, कारण तो जुन्या पासपोर्टबरोबर गेलेला असतो. ज्यांचा पुढे युरोप आहे त्यांनी ट्रेनमध्ये, स्टेशनात पासपोर्ट कपड्याच्या आतल्या पट्ट्यात ठेवावा, बॅगेत नाही.

ठाम_मत

विम्याचं एक विचारायचं होतं. आपल्याकडच्या प्रवास विम्यात मोबाईल येतो का?

रात्रपाळी

पुष्कळ पॉलिसींत सामानाच्या भागात मोबाईल, लॅपटॉप, दागिने स्पष्ट वगळलेले असतात. 'एक्सक्लूजन' हे पान आधी वाचा, मग हप्ता भरा. फोन आत असला तरी 'लक्ष न ठेवता सोडलेली वस्तू' या कलमावर दावा फेटाळतात. कॅफेच्या टेबलावर ठेवून काउंटरला गेलात, की ते कलम लागू. फोनचं बिल तुमच्या नावावर हवं, मुलाच्या नावावरचं चालत नाही. आणि पावतीवरचा आयएमईआय चोरीला गेलेल्या फोनचाच आहे ना तेही निघण्यापूर्वी जुळवून बघा. दुरुस्तीत फोन बदलून मिळालेला असेल तर क्रमांक वेगळा असतो.